दोन शून्ये

मालगुंडहून मुंबईला ट्रंक कॉल नोंदवून ताटकळणारी आमची पिढी. त्यामुळे शाळेच्या कार्यालयातील दूरध्वनी-यंत्रणेत पालकांचे क्रमांक साठवता येतात, दोन अंक दाबले की संपूर्ण क्रमांक आपोआप लागतो, याचे आम्हांस अप्रूप होते.

१५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना आधी शून्य जोडणे देशभर आवश्यक झाले. साठविलेले क्रमांक मात्र जुनेच राहिले. पुढे एका रात्री तापाने फणफणलेल्या मुलाच्या आईला कळवायचे होते. संकेत दाबला, शून्य लावण्याची सूचना तेवढी ऐकू आली. शून्य लावणार कशापुढे? तो क्रमांक यंत्रात होता, आमच्यापैकी कोणासही ठाऊक नव्हता. कुलूपबंद कपाटातून प्रवेश-अर्ज मिळेपर्यंत बराच वेळ गेला. हा दोष सर्वस्वी आमचा.

आमच्या यंत्रणेत क्रमांक साठवताना पहिले शून्य बाहेरची लाइन घेण्यासाठी, मग डायल टोन येण्यापुरता विराम, नंतर मोबाइलचे शून्य आणि दहा अंक, असा क्रम लागतो. आता दर जूनमध्ये आम्ही प्रत्येक संकेत एकदा लावून पाहतो. फोनशेजारी हस्तलिखित वहीही असते. पालकांनी क्रमांक बदलताच कार्यालयास कळवावे.