आधी यंत्र तोल, मग हात

‘ताई, माझा हातच नाही गं या कामाला’ असं म्हणालीस ना, ते मला मुळीच पटलेलं नाही. रिमोटवरचं तुझं छोटं हेलिकॉप्टर वीतभर वर आलं की थरथरतं, एका बाजूला पळतं, शेपूट डुलत राहते, आणि दोष तू लगेच स्वतःकडे घ्यायलीस. आपल्या पोरींना ही सवय फार लवकर लागते. म्हणून आज निवांत बस आणि ऐक. हात चांगला की वाईट हे ठरवायच्या आधी हातातलं यंत्र तोललेलं हवं. तोल नसलेलं हेलिकॉप्टर मुरलेल्या माणसालाही घाम फोडतं.

बचत गटातल्या वहिनींकडे बघून तुला वाईट वाटतं, हेही मला कळतं. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत पंधरा दिवसांचं प्रशिक्षण होतं आणि त्या फवारणीचा ड्रोन कपाशीवरून सरळ रेषेत नेतात. त्यांची मेहनत मोठीच आहे, पण ड्रोनची जात वेगळी. त्याच्या पोटातला फ्लाइट कंट्रोलर सेकंदाला शेकडो वेळा मोटरींचा वेग बदलून त्याला सपाट ठेवतो, आणि जीपीएस जागेवर धरतं. बोटं काढली तरी तो थांबून राहतो. तुझ्या हेलिकॉप्टरचा गायरो फार तर शेपूट सांभाळेल आणि वाऱ्याचे धक्के थोडे पचवेल. घसरत निघालेलं यंत्र परत आणायचं काम तुझ्या बोटांचंच. आपल्या कृषी विद्यापीठात ‘नाहेप’ या कृषी शिक्षण प्रकल्पातून रोबोट आणि ड्रोन आले तेव्हापासून परभणीत ‘उडवायचं’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर ड्रोनच येतो. ड्रोनच्या मापानं स्वतःला मोजू नकोस.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ऐकत आपण दोघी मोठ्या झालो. रेडिओवर चालणारं मॉडेल हेलिकॉप्टर नीट ताब्यात ठेवून उडवता येतं, हे ज्यानं जगाला दाखवलं तो डीटर श्लूटरही जर्मनच. १९७० च्या सुमाराची गोष्ट. त्याआधीची मॉडेलं उडी मारायची आणि आडवी व्हायची, कारण माणूस सावरेपर्यंत ती कलंडून गेलेली असत. श्लूटरनं मुख्य पात्यांच्या जोडीला आडवी दांडी बसवली, तोच फ्लायबार. कलण्याचा वेग कमी झाला आणि माणसाच्या बोटांना वेळ मिळाला. एवढ्या मोठ्या कारागिरानंही आधी यंत्रच सुधारलं बघ.

तर पात्यांपासून सुरू कर. दोन्ही पाती रोटर हेडवरून काढ. एकेक पातं आडव्या पेन्सिलीवर ठेवून कुठे तोलतं ते बघ आणि तिथे बारीक खूण कर. दोन्ही खुणा मुळापासून सारख्या अंतरावर यायला हव्यात. आल्या नाहीत तर एका पात्याच्या टोकाला चिकटपट्टीचा तुकडा लावून त्या जुळव. त्यानंतरच दोन्ही पाती छोट्या डिजिटल काट्यावर घाल. जे हलकं भरेल त्याच्या खुणेवरच पट्टी गुंडाळ, म्हणजे वजन वाढेल पण तोलाची जागा हलणार नाही. क्रम उलटा केलास तर केलेलं सगळं पुन्हा करावं लागेल. एवढ्याशा पट्टीनं काय होतं, असं वाटेल. तुझ्या हेलिकॉप्टरएवढ्या यंत्राचा रोटर मिनिटाला अडीच हजारांच्या आसपास फेरे घेतो. त्या वेगात मध्यापासून ३० सेंटीमीटरवर अर्धा ग्रॅम जास्त असला, तर तो जवळजवळ एक किलोच्या जोरानं बाहेर ओढतो, आणि ही ओढ प्रत्येक फेऱ्यात दिशा बदलते. सगळं यंत्र थरथरतं. गायरोला तो थरकाप वळण घेतल्यासारखा वाटतो, तो शेपूट उगाच हलवतो, आणि तू ट्रिम बदलत बसतेस. शेपटीची छोटी पातीही अशीच तपास, त्यांच्याकडे कुणी बघतच नाही. एकदा पडलेल्या हेलिकॉप्टरचा शाफ्ट काचेवर लोळवून बघ. डोळ्याला न दिसणारा बाक तिथे लगेच कळतो.

मग पुढचा-मागचा तोल. बॅटरी जोडू नकोस, नुसती जागेवर बांध. कॅनोपी चढव, पाती शेपटीच्या दांडीला काटकोनात कर आणि रोटर हेडला धरून हेलिकॉप्टर उचल. दांडी आडवी राहिली पाहिजे. नाक खाली झुकलं तर बॅटरी मागे, शेपूट खाली गेली तर पुढे. जागा सापडली की तिथे पेनानं रेघ ओढून ठेव, नाहीतर प्रत्येक चार्जिंगनंतर नवं हेलिकॉप्टर उडवल्यासारखं होईल. शिकताना हेलिकॉप्टरच्या पायांखाली, म्हणजे स्किडखाली, बांधतात त्या चार काड्या, टोकांना टेबल टेनिसचे चेंडू लावलेल्या, त्या बांधूनच हे तपास. एक काडी जरी इंचभर बाहेर गेली तरी तोल सरकतो.

पाती एकाच पातळीत फिरतात का, हे मात्र उडवतानाच कळतं. दोन्ही टोकांना सारख्या मापाच्या, वेगळ्या रंगांच्या पट्ट्या लाव आणि चांगलं लांब उभं राहून कडेनं बघ. दोन रंग वर-खाली दिसले तर यंत्र उतरव, बॅटरी काढ आणि एका पात्याच्या लिंकला अर्धा-एक फेरा दे. फिरत्या रोटरजवळ डोळे न्यायचे नाहीत, हे माझ्याकडून शंभरदा ऐकून घे.

इतकं झाल्यावरही ते डावीकडे सरकेल, तेव्हा घाबरू नकोस. बहुतेक मॉडेलांचा रोटर वरून बघितला तर घड्याळाच्या दिशेनं फिरतो, म्हणून धड उलटं वळू पाहतं. ते थांबवायला शेपटीचा पंखा जोर लावतो आणि तोच जोर सगळ्या हेलिकॉप्टरला डावीकडे ढकलतो. म्हणून जागेवर थांबलेलं हेलिकॉप्टर किंचित उजवीकडे कललेलंच असतं. ते सरळ करायच्या नादात किती पोरं हैराण होतात! हा कल तसाच राहू दे.

आता हाताचं काम. हेलिकॉप्टर हवेत थांबतं म्हणजे निश्चल होतं, असं मनातून काढून टाक. डोक्यावर भरलेली घागर घेऊन चालणाऱ्या बाईची मान बघ, ती सतत बारीक बारीक हलत असते, म्हणून तर पाणी सांडत नाही. स्टिकवर बोटं तशीच चालली पाहिजेत. जरा ढकललं, की लगेच थोडं उलटं. यंत्र पळायला लागायच्या आधी, नुसतं कललं तेव्हाच. शेपूट तुझ्याकडे ठेव, पण नजर नाकावर. आणि वीतभर उंचीवर रेंगाळू नकोस. तिथे पात्यांचीच हवा जमिनीवर आपटून वर येते आणि यंत्राला हेलकावे देते. हात जरा बसला की कमरेएवढं वर ने, तिथे ते जास्त शहाण्यासारखं वागतं. घरी सिम्युलेटरवर रोज थोडा वेळ बोटं चालव, तिथे मोडलं तरी पैसे जात नाहीत.

वेळ मार्गशीर्ष-पौषातल्या सकाळची धर, वारा पडलेला असतो. चैत्र-वैशाखात आपल्याकडची तापलेली हवा विरळ होते, पाती कमी उचलतात, आणि लिपो बॅटरी उन्हात ठेवलेल्या गाडीत विसरणं म्हणजे आग पाळणं. काळ्या रानात उडवू नकोस. ढेकळात स्किड अडकला की हेलिकॉप्टर कलंडतं, धूळ बेअरिंगात जाते. कडक, मोकळं मैदान शोध. पोरं गोळा होतील, त्यांना लांब बसव, आणि परभणीतल्या दर्ग्याच्या उरुसाच्या दिवसांत गर्दीकडे फिरकूही नकोस. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एकोणीस वर्षांचा सरावलेला मुलगा स्वतःच्याच मॉडेल हेलिकॉप्टरची पाती लागून गेला. मला तुझी काळजी वाटते ती याच्यासाठी. २०२१ च्या ड्रोन नियमांत छंदासाठी नजरेसमोर उडवायची २५ किलोपर्यंतची यंत्रं ‘मॉडेल’ म्हणून धरली आहेत. तरी उडवायच्या आधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर तुझी जागा बघून घे.

शेपूट आपल्याकडे ठेवून जागेवर थांबणं एक बॅटरीभर जमलं की नाक एकदम आपल्याकडे वळवू नकोस, डावी-उजवी उलटी होऊन गोंधळ उडतो. आधी थोडंसं तिरकं, मग आडवं, डावी बाजू नि उजवी बाजू दोन्ही. पुढच्या रविवारी मी येतेच आहे. तोवर उडवणं बंद, पाती काढून ठेव, आणि कुठलं हलकं भरलं ते मला फोनवर सांग.