एक नाव, चार अटी: टोळ्या निघण्याआधी यादी तपासताना



दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या वस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातील, ती मार्च-एप्रिलशिवाय परतणार नाहीत. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत द्यायचा असतो. ज्या बाळाचे १६ महिने सप्टेंबर-ऑक्टोबरात भरतात, त्याला निघण्याआधी डोस मिळाला का, हे आपल्याला यादीतून काढायचे आहे.

अडचण नावांची आहे. पारधी वस्तीवर पवार, काळे, भोसले, चव्हाण, शिंदे ही आडनावे घरोघरी आहेत आणि मुलांची नावेही तीच ती. समजा, यादीत राधा पवार दोन आहेत: एक गेवराईच्या वस्तीवर, दुसरी आष्टीच्या. व्हीलुकअपला फक्त नाव दिले तर ते वरून पहिली सापडेल त्या राधाची तारीख देते आणि थांबते. चूक झाल्याची कसलीही खूण दिसत नाही. आपण समजतो डोस झाला, आणि दुसरी राधा डोस न घेता फडावर जाते. शुभवर्तमानातही मरीया अनेक आहेत. म्हणून तर एक मग्दालाची, दुसरी याकोब व योसे यांची आई, असे सांगावे लागले. आपल्या यादीतही तसेच सांगायचे.

समजा, ए रकान्यात बाळाचे नाव, बी मध्ये आईचे, सी मध्ये वस्ती, डी मध्ये डोस आणि ई मध्ये तारीख आहे. जी१ ते जी४ या चार घरांत आपल्याला हवे ते याच क्रमाने लिहा. मग सूत्र असे (टाइप करताना अक्षरे व आकडे इंग्रजीच घ्या):

=एक्सलुकअप(१,(ए२:ए५००=जी१)*(बी२:बी५००=जी२)*(सी२:सी५००=जी३)*(डी२:डी५००=जी४),ई२:ई५००,"सापडले नाही")

प्रत्येक कंस एकेका ओळीला विचारतो, जुळते का? जुळले तर १, नाही तर ०. गुणाकारात एक जरी शून्य आले तरी उत्तर शून्य. चारही अटी जुळलेल्या ओळीतच १ उरतो आणि आपण तोच शोधतो. गुगल शीट्समध्ये हे सगळे सूत्र अॅरेफॉर्म्युला च्या कंसात घालावे लागते.

एक्सेल २०१९ किंवा त्याआधीचे असेल तर एक्सलुकअप मिळणार नाही. तेव्हा जोडरकाना करा, मला तर तोच जास्त आवडतो, कारण काय जुळते ते डोळ्यांना दिसते. एफ२ मध्ये =ए२&"|"&बी२&"|"&सी२&"|"&डी२ लिहून खाली ओढा. मग:

=इंडेक्स(ई२:ई५००,मॅच(जी१&"|"&जी२&"|"&जी३&"|"&जी४,एफ२:एफ५००,०))

मधली उभी रेघ गाळू नका. ती नसेल तर वस्ती १ व घर १२ आणि वस्ती ११ व घर २ हे दोन्ही ११२ च होतात.

उत्तरावर विश्वास ठेवण्याआधी मोजणी करा: =काउंटइफ्स(ए२:ए५००,जी१,बी२:बी५००,जी२,सी२:सी५००,जी३,डी२:डी५००,जी४). १ आले तर ठीक. २ आले तर एकच नोंद दोनदा झाली आहे किंवा खरोखर दोन बाळे आहेत. जन्मतारीख पाचवी अट म्हणून जोडा. ० आले तर लगेच "नोंद नाही" म्हणू नका. बहुतेक वेळा दोष लिहिण्यात असतो. एकाने माजलगाव लिहिलेले असते, दुसऱ्याने माजलगांव. शिरूर आणि शिरुर माणसाला सारखे, संगणकाला वेगळे. नावामागे राहिलेली मोकळी जागाही चालत नाही, ती ट्रिम ने काढा. वस्तीचे नाव हाताने लिहू देऊ नका, डेटा व्हॅलिडेशनची यादी लावा आणि त्यातूनच निवडायला सांगा.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. ओळ सापडली पण तारखेचे घर रिकामे असेल तर एक्सेल ० दाखवते, आणि त्या घराला तारखेचे स्वरूप दिले असेल तर १९०० सालची विचित्र तारीख दिसते. ती बिघाड समजून पुसू नका. त्याचा अर्थ एवढाच की त्या बाळाच्या डोसची तारीख लिहिलेली नाही. अशा ओळी वेगळ्या काढा, आशाताईंना सोबत घ्या आणि घरी जाऊन माता बाल संरक्षण कार्ड बघा. कार्डावर तारीख असेल तर यादीत भरा. नसेल तर टोळीची गाडी कोणत्या दिवशी भरणार आहे ते मुकादमाला विचारा आणि त्याआधीचे लसीकरण सत्र गाठा.