बौद्ध धर्माचा उदय आणि महाराष्ट्रातील प्रसार
(वरच्या प्राथमिक वर्गांसाठी पाठाचे दिग्दर्शन)

उद्देश : बुद्धाच्या शिकवणीचा गाभा मुलांना समजावा, हा धर्म महाराष्ट्रात कसा रुजला हे शिलालेखांच्या आधारे कळावे, आणि समतेचा विचार त्यांच्या आचरणात उतरावा.

विषयप्रवेश : कर्जत तालुक्यातील मिरजगावसारख्या अवर्षणग्रस्त गावातील मुलांना पाण्याचे मोल सांगावे लागत नाही. म्हणून पाठाचा आरंभ पाण्यापासून करावा. जुन्नर, कार्ले, नाशिक येथील लेण्यांत भिक्षूंनी खडकात टाकी खोदून पावसाचे पाणी साठविले. या टाक्यांस शिलालेखांत ‘पोढी’ म्हटले आहे. डोंगरात राहून पाणी साठविणारे हे लोक कोण, असा प्रश्न विचारला की मुलांची जिज्ञासा जागी होते.

विवेचन : सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी शाक्य कुळात सिद्धार्थ गौतमाचा जन्म लुंबिनी येथे झाला. मनुष्याच्या दुःखाचे मूळ शोधण्यासाठी त्याने गृहत्याग केला. बोधगयेस त्यास ज्ञानप्राप्ती झाली, सारनाथ येथे त्याने पहिला उपदेश केला आणि वयाच्या ऐंशीव्या वर्षी कुशीनगर येथे त्याचे महापरिनिर्वाण झाले.

दुःख आहे, त्यास कारण आहे, ते नाहीसे करता येते आणि त्याचा मार्ग आहे, ही चार आर्यसत्ये होत. तो मार्ग अष्टांगिक आहे. आठही अंगांची नावे पाठ करून घेण्यात हशील नाही. एकदोन अंगे उदाहरणाने उलगडून दाखवावीत. ‘सम्यक् आजीविका’ म्हणजे प्रामाणिक व अहिंसक उपजीविका. बाजारात ‘मापात पाप’ न करणे हे तिचेच उदाहरण, असे म्हटले की मुलास लगेच उमगते. हत्या, चोरी, व्यभिचार, असत्य आणि मद्यपान यांपासून दूर राहणे हे पंचशील होय. संघात जन्माने कोणी उच्चनीच नव्हता. उपाली हा नापित भिक्षू पुढे विनयाचा श्रेष्ठ जाणकार मानला गेला.

कलिंगयुद्धातील संहाराने सम्राट अशोकास पश्चात्ताप झाला व त्याने धम्माच्या प्रसारास वाहून घेतले. त्याच्या शिलालेखाचे तुकडे सोपारा येथे सापडले आहेत. पुढे हा धर्म सिंहलद्वीप, मध्य आशिया, चीन व जपानपर्यंत पोहोचला. इसवी सनाच्या सातव्या शतकात युआन श्वांग हा चिनी यात्रेकरू महाराष्ट्रातही येऊन गेला.

भिक्षू एरवी फिरते असत. पावसाळ्यात मात्र एके ठिकाणी राहत. या वर्षावासासाठी निवारा लागे, म्हणून घाटवाटांजवळ लेणी कोरली गेली. खर्च केवळ राजांनी केला नाही. जुन्नरच्या शिलालेखांत धान्यविक्रेते, बांबूकाम करणारे व कासार यांच्या श्रेणींची दाने नोंदलेली आहेत. कष्टकऱ्यांच्या हातभारावर हा धर्म उभा राहिला, हे मुलांच्या मनावर ठसवावे.

गणिताशी समन्वय : नाशिकच्या लेणे क्रमांक 10 मधील शिलालेखानुसार नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणीकडे 2000 कार्षापण कायम ठेव ठेवली. व्याज दरमहा शेकडा 1. त्यातून वर्षावासातील 20 भिक्षूंस वस्त्रांसाठी प्रत्येकी 12 कार्षापण मिळावयाचे होते. वर्षाचे व्याज काढावयास लावावे. ते 240 येते, आणि 20 गुणिले 12 हेही 240 च! दुसरी ठेव 1000 कार्षापणांची, व्याज दरमहा शेकडा पाऊण. तिचे उत्तर 90. सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा हिशेब मुले आज ताडून पाहू शकतात.

अर्वाचीन काळ : दि. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी नागपूर येथे भिक्षू चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली व लाखो अनुयायांना धम्मदीक्षा दिली. शतकानुशतके अस्पृश्य मानलेल्या समाजाने आत्मसन्मानासाठी टाकलेले हे पाऊल होते. 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह झाला होता, हेही येथे सांगावे.

शिक्षकांसाठी सूचना : पूर्णतः शासकीय खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देण्यास राज्यघटनेच्या 28 व्या अनुच्छेदाने मनाई आहे. म्हणून हा पाठ इतिहास म्हणूनच घ्यावा. कोणत्याही धर्माची स्तुती वा निंदा करू नये. वर्गात बौद्ध कुटुंबांतील मुले असल्यास ‘हा तुमचा धर्म’ असे म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवू नये. त्यामुळे ज्या भेदाविरुद्ध पाठ शिकवावयाचा, तोच भेद वर्गात उभा राहतो. हा वारसा सर्व वर्गाचा आहे. फळ्यावर समता लिहावयाची आणि पाण्याच्या माठापाशी, भोजनाच्या पंक्तीत भेद चालू द्यावयाचा, तर मुले फळा विसरतील आणि पंक्ती ध्यानात ठेवतील.

उपक्रम : (1) नकाशात मिरजगाव दाखवून पश्चिमेस कार्ले, वायव्येस जुन्नर व नाशिक, उत्तरेस किंचित पूर्वेकडे अजिंठा ही स्थळे भरावीत. (2) शाळेच्या छपरावरील पावसाचे पाणी कोठे जाते, ते पाहून लिहावे. (3) ‘राजाचे दान आणि बांबूकाम करणाऱ्यांचे दान यांत मोठे कोणते?’ यावर मुलांनी आपले मत कारणांसह मांडावे.