विज्ञान-साहित्यासाठी अनुदान : मागणी कशी करावी

विज्ञान हा विषय केवळ सांगण्याचा नसून करून पाहण्याचा आहे, हे आपण सर्वजण जाणतो. तथापि जळगाव व धुळे जिल्ह्यांतील लहान शाळांत, विशेषतः सातपुड्याच्या पायथ्याशी, लोहचुंबक एकदाही हाती न धरता मूल प्राथमिक शिक्षण पुरे करील, असा संभव अजूनही राहतो. पैशाची उणीव हे त्याचे एक कारण खरे. परंतु पैसा कोठे आहे व तो कसा मागावा याची माहिती नसणे, हे दुसरे कारण होय. या पाठात त्या दुसऱ्या कारणाचा विचार करावयाचा आहे.

१. मागणीचा आरंभ पाठापासून करावा. ‘शाळेस प्रयोगशाळा मिळावी’ ही मागणी नव्हे, ती इच्छा होय. पाठ्यपुस्तक समोर ठेवून कोणता पाठ साहित्यावाचून अडतो ते प्रथम लिहावे. समजा, वर्गात २४ मुले आहेत व विद्युत-मंडलाचा पाठ घ्यावयाचा आहे. चार मुलांचा एक गट धरल्यास सहा संच लागतील, व मोडतोडीसाठी एक अधिक, एकूण सात. प्रत्येक संचात विद्युतघट, तारा, लहान दिवा व कळ इतकेच पुरे. स्थानिक दुकानांतून दर घेऊन बेरीज मांडली, की मागणी तयार झाली. अशी मागणी वाचणाऱ्यास नाकारणे कठीण जाते.

२. प्रथम घरचे अनुदान पाहावे. २०१८ साली सुरू झालेल्या समग्र शिक्षा अभियानात शाळेस पटसंख्येनुसार संयुक्त अनुदान देण्याचे निकष ठरले. ३० पर्यंत पट असल्यास १०,००० रुपये, ३१ ते १०० पटास २५,००० रुपये, व १०१ ते २५० पटास ५०,००० रुपये, असे ते निकष होत. यातील किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेसाठी राखावयाची असते. म्हणजे सर्वांत लहान शाळेजवळ ९,००० रुपये उरतात, आणि त्यातच विजेचे देयक, किरकोळ दुरुस्ती व इतर शैक्षणिक साहित्य भागवावे लागते. विज्ञानाचा वाटा वर्षारंभीच ठरविला नाही, तर वर्षअखेरीस तो उरत नाही.

३. लहान शाळांनी एकत्र यावे. एकाच केंद्रातील शाळांनी केंद्रप्रमुखांच्या सल्ल्याने साहित्याची एक फिरती पेटी करावी. पंधरवडाभर एका शाळेत, पुढे दुसरीत, असे वेळापत्रक आखावे. एकट्या शाळेस न परवडणारा सूक्ष्मदर्शक अशा रीतीने चोपडा वा शिरपूर तालुक्यातील पाड्यावरच्या मुलांपर्यंतही पोहोचू शकेल.

४. बाहेरच्या साहाय्याच्या वाटा ओळखाव्या. इन्स्पायर पुरस्कार-मानक योजनेत इयत्ता ६ वीपासूनच्या विद्यार्थ्यांच्या नव्या कल्पना शाळेमार्फत पाठविता येतात. कल्पना निवडली गेल्यास प्रतिकृती बनविण्यासाठी विद्यार्थ्यास १०,००० रुपये मिळतात. हे पैसे शाळेचे नव्हेत, मुलाचे आहेत, हे विसरू नये. अटल टिंकरिंग प्रयोगशाळांचे २० लाखांपर्यंतचे अनुदान इयत्ता ६ वी ते १२ वीच्या शाळांसाठी योजिलेले आहे. प्राथमिक शाळेने त्याची आस धरण्यापेक्षा, जवळच्या माध्यमिक शाळेत अशी प्रयोगशाळा असल्यास तेथे मुलांना नेण्याची परवानगी मागावी.

कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ अन्वये मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यासाठी खर्च करावयाची असते, व आपल्या कामाच्या परिसरास प्राधान्य द्यावयाचे असते. शिक्षण हा त्यातील मान्य विषय आहे. मात्र एका वर्षी ५ कोटी रुपये नफा, १,००० कोटींची उलाढाल, किंवा ५०० कोटींचे निव्वळ मूल्य, यांपैकी एक अट पुरी करणाऱ्या कंपनीसच हे बंधन लागू होते. गावातील डाळ-गिरणीच्या मालकाकडे कायद्याचे बोट दाखवून जाऊ नये. तेथे गावकरी या नात्याने लोकवर्गणी मागावी, आणि ती वस्तुरूपाने मिळाली तरी आनंदाने स्वीकारावी.

५. साहित्याबरोबर शिक्षकाची तयारी हवी. १९७४ साली सर दोराबजी टाटा विश्वस्तनिधीच्या साहाय्याने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. त्याच दशकात या केंद्राने रावेर तालुक्यातील खिरोदा परिसरात ग्रामीण शाळांतील विज्ञान-अध्यापन सुधारण्याचा प्रकल्प हाती घेतला. दात्याचे धन, शास्त्रज्ञांचे ज्ञान व खेड्यातील वर्ग यांची गाठ पडू शकते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. म्हणून प्रत्येक मागणीत शिक्षकांच्या एका दिवसाच्या प्रत्यक्ष सरावाचाही उल्लेख असावा. पेटी उघडण्याची भीती वाटली, तर ती कपाटातच राहते.

६. ठराव व हिशेब चोख ठेवावा. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ ने शाळा विकास आराखडा करणे व अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवणे ही कामे शाळा व्यवस्थापन समितीकडे सोपविली आहेत. म्हणून मागणी आधी आराखड्यात यावी, समितीचा ठराव व्हावा, आणि बाहेरच्या दात्याकडे जाण्यापूर्वी गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत परवानगी घ्यावी. वस्तू येताच तिची नोंद जडसंग्रह नोंदवहीत करावी. खर्चाचे प्रमाणपत्र ३१ मार्चची वाट न पाहता द्यावे. त्यासोबत कोणत्या पाठास साहित्य किती वेळा वापरले तेही कळवावे. पहिल्या अनुदानाचा चोख हिशेब हीच दुसऱ्या अनुदानाची शिफारस होय.

स्वाध्याय : (१) आपल्या वर्गाच्या पुस्तकातील साहित्यावाचून अडणारे तीन पाठ निवडा. (२) त्यांपैकी एका पाठासाठी गट, संच व दर मांडून एका पानाची मागणी लिहा. (३) ती पुढील केंद्र-संमेलनात वाचून दाखवा, व इतर शाळांच्या मागणीशी कोठे जुळते ते पाहा.