एक बंद दुकान आणि इतिहासाचा तास



‘इतिहासाची साधने’ शिकवताना भौतिक, लिखित आणि मौखिक असे तीन प्रकार आपण फळ्यावर लिहितो. मुलं ते पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विषय तिथेच संपतो. ही साधनं प्रत्यक्षात काय सांगतात, हे समजावायला एका दुकानाची गोष्ट फार उपयोगी पडते.

अमेरिकेतील ओरेगन राज्याच्या पूर्व भागात जॉन डे नावाचं छोटं गाव आहे. १८६२ मध्ये या परिसरात सोनं सापडलं आणि खाणकामासाठी माणसांची रीघ लागली. त्यात दक्षिण चीनमधून आलेले मजूरही खूप होते. १८८५ मध्ये शेजारच्या कॅनियन सिटीतली चिनी वस्ती आगीत जळाली, तेव्हा तिथले अनेक जण जॉन डेला येऊन राहिले. इथेच एका दगडी इमारतीत ‘काम वा चुंग’ हे दुकान होतं. १८८० च्या दशकाच्या अखेरीस लुंग ऑन आणि इंग हेय या दोन चिनी तरुणांनी ते भागीदारीत घेतलं.

दुकान म्हणजे नुसती विक्री नव्हे

इथे तांदूळ, चहा, तंबाखू, डबाबंद माल असं सगळं मिळायचं. लुंग ऑनला इंग्रजी छान येत असे. तो मजुरांची पत्रं लिहून द्यायचा, दुभाष्याचं काम करायचा, कामही मिळवून द्यायचा. हेय हा वैद्य. तो नाडी पाहून निदान करायचा आणि झाडपाल्याची औषधं द्यायचा. आतच छोटं देवघर आणि झोपायला फळ्यांचे बाकही होते. थोडक्यात किराणा, दवाखाना, देऊळ आणि धर्मशाळा एकाच छपराखाली!

आता दुसरी बाजू पाहा. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत यायला बंदी केली आणि चिनी लोकांना नागरिकत्वही नाकारलं. हा कायदा १९४३ मध्ये रद्द झाला. दोघा भागीदारांची कुटुंबं चीनमध्येच राहिली. मात्र ज्यांना कायदा ‘परके’ म्हणत होता, त्यांच्याच दारात आसपासचे गोरे शेतकरी आणि गुराखी औषधासाठी येत होते.

कुलूप उघडल्यावर

लुंग ऑन १९४० मध्ये वारला. हेय १९४८ मध्ये उपचारांसाठी पोर्टलंडला गेला, तो परतलाच नाही. १९५२ मध्ये त्याचं निधन झालं. संग्रहालय करावं या अटीवर इमारत गावाला मिळाली, पण गाव ते विसरूनच गेलं! १९६० च्या दशकाच्या अखेरीस कुलूप उघडलं, तेव्हा आत सगळं जसंच्या तसं होतं. शेकडो प्रकारच्या औषधी, विकायचा राहिलेला माल, चिनी भाषेतली पत्रं. हेयच्या पलंगाखाली तर रुग्णांनी दिलेले सुमारे २३ हजार डॉलर्सचे न वटवलेले चेक सापडले. आज हे दुकान संग्रहालय आहे आणि २००५ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे.

वर्गात काय करता येईल?

मुलांना विचारा, ‘चेक का वटवले नसतील?’ कोणी म्हणेल, वैद्य दयाळू होता. कोणी म्हणेल, त्याचा बँकेवर विश्वास नव्हता. मग पुढचा प्रश्न टाका : ‘हे तुम्हाला कशावरून कळलं?’ चेक न वटणं हा पुरावा आहे, त्यामागचं कारण हा आपला अंदाज. हा फरक मुलांना एकदा समजला की इतिहास निम्मा समजला.

दुसरा प्रश्न : नुसता १८८२ चा कायदा वाचला असता, तर या गावाबद्दल आपलं काय मत झालं असतं? आणि नुसतं दुकान पाहिलं असतं तर? एकट्या साधनावर विसंबलं की अर्धंच चित्र दिसतं, हे मुलं आपणहून सांगतील.

मग त्यांना आपल्या गावातल्या जुन्या किराणा दुकानात पाठवा. तराजू, मापं, काचेच्या बरण्या पाहू द्या. दुकानदारकाकांना विचारून आठवणी लिहून घेऊ द्या. उधारीची वही दाखवली, तर उधार कुणाची ते मात्र कुठेही लिहायचं नाही, हे आधीच बजावा. पालकांनो, रविवारी हे काम घरूनही करता येईल. ही दुकानं एकेक करून बंद होत आहेत. कुलूप लागायच्या आत मुलांनी ती पाहून, लिहून ठेवलेली बरी.