ब्रह्मगिरीच्या पाऊलवाटा : चालत घडणारे तीर्थदर्शन

श्रीक्षेत्र त्र्यंबकेश्वरी येणारे बहुसंख्य यात्रेकरू कुशावर्तावर स्नान करतात, रांगेत उभे राहून ज्योतिर्लिंगाचे दर्शन घेतात आणि प्रसाद घेऊन परतीच्या वाटेला लागतात. मंदिराच्या पाठीशी उभा असलेला विशाल डोंगर पाहून ते हात जोडतात. परंतु त्या डोंगरावर जाण्यास वेळ उरत नाही. वास्तविक ज्या गंगेमुळे या क्षेत्राला माहात्म्य लाभले ती गोदामाई याच डोंगरावर प्रकटली. प्रस्तुत पाठात ब्रह्मगिरीच्या तीन वाटा, शेजारच्या अंजनेरीची चौथी वाट आणि त्या वाटांवर चालताना पाळावयाचा धर्म यांची माहिती दिली आहे. ज्यांना एक दिवस अधिक मुक्काम करणे शक्य आहे त्यांनी ती अवश्य वाचावी.

क्षेत्राचा परिचय

त्र्यंबकेश्वर हे नाशिक शहरापासून सुमारे ३० किलोमीटर अंतरावर, सह्याद्रीच्या कुशीत वसलेले आहे. काळ्या पाषाणातील सध्याच्या मंदिराचे बांधकाम श्रीमंत नानासाहेब पेशवे यांच्या काळात १७५५ साली सुरू झाले व १७८६ साली पूर्ण झाले. गाभाऱ्यातील लिंगाच्या खोलगट भागात ब्रह्मा, विष्णू व महेश यांची अंगुष्ठमात्र तीन लिंगे आहेत. या स्थानाचे ते वैशिष्ट्य होय.

पुराणकथा अशी की, दुष्काळात गौतम ऋषींनी आपल्या आश्रमातील अक्षय जलाच्या आधारे भाताची शेती केली आणि आश्रयास आलेल्या ऋषिकुलांचे पोषण केले. पुढे मत्सरापोटी त्यांच्या शेतात मायावी गाय सोडण्यात आली. तिला हाकलण्यासाठी टाकलेल्या दर्भाच्या स्पर्शाने ती गतप्राण झाली आणि गौतमांच्या माथी गोहत्येचे पातक आले. पापक्षालनार्थ त्यांनी ब्रह्मगिरीवर शंकराची आराधना केली. शंकरांनी पर्वतावर जटा आपटल्या व गंगा प्रकट झाली. ती पुन्हा पुन्हा गुप्त होऊ लागली तेव्हा गौतमांनी कुश म्हणजे दर्भ फिरवून तिला एका जागी अडविले. तेच कुशावर्त. पर्वतावर जटा आपटल्याचे स्थान, पर्वताच्या खांद्यावरील गंगाद्वार आणि पायथ्याचे कुशावर्त अशी ही कथा तीन ठिकाणी घडते. केवळ कुशावर्त पाहून परतणाऱ्या भाविकाने कथेचा शेवट तेवढा पाहिलेला असतो.

पहिली वाट : गंगाद्वार

ज्यांच्याजवळ वेळ थोडा आहे, अथवा ज्यांना मोठी चढण झेपणार नाही, त्यांच्यासाठी ही वाट योग्य आहे. गावाच्या पश्चिमेकडून वर निघाल्यावर वाटेला फाटा फुटतो. एक वाट गंगाद्वाराकडे व दुसरी गडाच्या माथ्याकडे जाते. गंगाद्वारापर्यंत सुमारे सातशे दगडी पायऱ्या आहेत. पूर्वीच्या दानशूर भाविकांच्या द्रव्यातून झालेल्या या पायऱ्यांवरून आजही हजारो पावले चढतात. सावकाश, थांबत थांबत गेल्यास तासाभरात पोहोचता येते.

येथे कड्याच्या पोटाशी गोदावरीचे छोटे मंदिर असून गोमुखातून पाणी ठिबकते. उन्हाळ्यात ही धार अगदी बारीक होते. प्रथमच येणाऱ्या यात्रेकरूला थोडा अपेक्षाभंग वाटण्याचा संभव असतो. परंतु १,४६५ किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळणारी दक्षिणगंगा येथे ओंजळीत मावते, हेच येथले दर्शन आहे. जवळच गोरक्षनाथांची गुंफा आणि १०८ शिवलिंगे कोरलेली गुंफा आहे. तेथे काही क्षण मौन धरून बसावे.

दुसरी वाट : ब्रह्मगिरीचा माथा

समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीचा हा पर्वत म्हणजेच इतिहासातील त्र्यंबकगड. गावापासून माथ्यापर्यंत सुमारे साडेपाचशे मीटरची चढण आहे. चढण्यास दीड ते दोन तास लागतात. संपूर्ण फेरीसाठी पाच तास हाताशी ठेवावेत. आरंभी बांधीव पायऱ्या आणि नंतर कातळात कोरलेला जिना लागतो. या जिन्याच्या दोन्ही बाजूंना कड्याच्या भिंती असून मध्ये दरवाजे व कोरीव मूर्ती आहेत. सह्याद्रीतील पाथरवटांचे कौशल्य येथे जवळून पाहावयास मिळते. १६३६ साली शहाजीराजांना जे किल्ले मोगलांच्या स्वाधीन करावे लागले त्यांत त्र्यंबकगड होता. पुढे तो स्वराज्यात आला आणि १८१८ साली इंग्रजांच्या हाती गेला.

माथ्यावर गोदावरीचे मूळ स्थान व जटामंदिर आहे. पर्वताची पाच शिखरे ही सद्योजात, वामदेव, अघोर, तत्पुरुष व ईशान या शिवाच्या पाच मुखांची रूपे मानली जातात. निरभ्र दिवशी पश्चिमेस हरिहर किल्ला, दक्षिणेस वैतरणेचा जलाशय, तर पूर्वेस अंजनेरीचा लांबरुंद डोंगर दिसतो. दुर्गभांडार नावाचे टोक मुख्य पठाराला निरुंद नैसर्गिक खिंडवजा धारेने जोडलेले आहे. तेथील जिना अतिशय उभा असून दोन्ही बाजूंस खोल दरी आहे. लहान मुले, वयस्कर मंडळी व उंचीचे भय वाटणाऱ्यांनी ते टोक दुरूनच पाहावे. पावसाळ्यात तर तेथे कोणीही जाऊ नये.

तिसरी वाट : ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा

श्रावणातील तिसऱ्या सोमवारी सहस्रावधी भाविक कुशावर्तावर स्नान करून प्रदक्षिणेस निघतात. अनेकजण रविवारी रात्रीच चालू लागतात. लहान फेरी सुमारे २० किलोमीटरची असून मोठी फेरी जवळजवळ त्याच्या दुप्पट आहे. प्रयागतीर्थ, पहिने असे करीत ही वाट भातखाचरांच्या कडेने, ओढे ओलांडीत, पर्वताला उजवीकडे ठेवून पुन्हा त्र्यंबकात येते. पावसाची संततधार, धुके आणि चिखल यांतून चालताना दोन पावलांपुढचे दिसत नाही. कानावर पडतो तो फक्त पुढच्या मंडळींचा नामघोष.

महाराष्ट्राच्या अध्यात्मजीवनाला या प्रदक्षिणेचा मोठाच ऋणानुबंध आहे. तेराव्या शतकात विठ्ठलपंत आपल्या कुटुंबासह ही प्रदक्षिणा करीत असता वाटेत वाघ आडवा आला. सर्वांची पांगापांग झाली आणि बाल निवृत्ती एका गुहेत शिरला. तेथे त्याला गहिनीनाथांचा अनुग्रह झाला, अशी परंपरा सांगते. निवृत्तिनाथांनी पुढे तोच अनुग्रह आपले धाकटे बंधू ज्ञानदेव यांना दिला. निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरीच असून पौष वद्य एकादशीस तेथे वारकऱ्यांची मोठी यात्रा भरते. या मार्गावर चालणाऱ्याने ही कथा मनात ठेवावी. मात्र स्वतः वाट सोडू नये; कारण धुक्यात वाट चुकलेल्या यात्रेकरूला शोधणे आजही सोपे नाही.

चौथी वाट : अंजनेरी

नाशिकहून त्र्यंबकेश्वरला येताना डाव्या हातास दिसणारा पसरट डोंगर म्हणजे अंजनेरी. अंजनीमातेने येथे तप केले व हनुमंताचा जन्म येथेच झाला, अशी श्रद्धा आहे. पायथ्याच्या गावात प्राचीन मंदिरांचे अवशेष विखुरलेले आहेत. त्यांपैकी एका जैन मंदिरातील बाराव्या शतकातील यादवकालीन शिलालेखात देवालयाला दुकाने दान दिल्याचा उल्लेख आढळतो. दगडी पायऱ्या चढून पठारावर आल्यावर अंजनीमातेचे मंदिर व पावलाच्या आकाराचा तलाव लागतो.

या पठारावर 'सेरोपेजिया अंजनेरिका' नावाची कंदिलाच्या आकाराची फुले येणारी लहानशी वनस्पती उगवते. तिचा शोध २००६ साली शास्त्रीय जगाला कळविण्यात आला आणि तिला या डोंगराचेच नाव मिळाले. येथील कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांचा वास आहे. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे भारतातील गिधाडे झपाट्याने नष्ट झाली व २००६ साली त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. जटायूचे हे वंशज ज्या थोड्या कड्यांवर टिकून राहिले, त्यांत अंजनेरी आहे. २०१७ साली हा परिसर संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला. येथे फुले तोडणे, कड्याजवळ आरडाओरडा करणे, फटाके वाजविणे हे सर्वथा वर्ज्य मानावे.

पर्वताला पाणी कोठून येते ?

एवढ्या उंचीवर, उन्हाळ्यातही गोमुखातून पाणी कसे ठिबकते, असा प्रश्न पुष्कळ भाविक विचारतात. सह्याद्रीचा हा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून तयार झाला. यांतील काही थर भेगाळ व सच्छिद्र आहेत, तर काही घट्ट आहेत. पावसाळ्यात माथ्यावरील गवत व झाडोरा पाण्याचा वेग रोखून धरतो. ते पाणी मातीतून भेगाळ थरात मुरते, घट्ट थराशी अडते आणि जेथे तो थर कड्याच्या बाजूस उघडा पडतो तेथे झरा होऊन बाहेर येते. श्रावणात पडलेला पाऊस असा महिनोन्महिने पर्वताच्या पोटात राहतो व हळूहळू आपल्याला मिळतो.

या प्रदेशाची आणखी एक थोरवी आहे. येथून अरबी समुद्र सरळ रेषेत सुमारे ८० किलोमीटरच दूर आहे. तरीही गोदावरी त्याकडे पाठ फिरवून पूर्वेस निघते व नाशिक, पैठण, नांदेड पवित्र करीत तेलंगण आणि आंध्र प्रदेशातून सागराला मिळते. दुसरीकडे याच त्र्यंबकच्या डोंगरांतून उगम पावणारी वैतरणा पश्चिमेस जाते आणि तिच्यावरील धरणांतून मुंबईकरांच्या घरी पाणी पोहोचते. म्हणजे मुंबईहून आलेला भाविक ज्या पर्वताच्या दर्शनास येतो, त्याच पर्वतराजीचे पाणी तो घरी रोज पीत असतो.

असे असूनही या मुळाशी आपण कसे वागलो, याचा विचार केला पाहिजे. गेल्या काही दशकांत त्र्यंबक गावातील गोदावरीचे पात्र बऱ्याच अंतरात काँक्रीटखाली झाकले गेले. पायाखाली गंगा आहे हे न कळताच यात्रेकरू तिच्यावरून चालत गेले. डोंगरावर प्लास्टिकच्या बाटल्या व पिशव्या साचतात, पावसाबरोबर झऱ्यांत येतात आणि शेवटी कुशावर्ताच्या वाटेला लागतात. वर टाकलेला कचरा खाली स्नानाच्या पाण्यात उतरतो, हे ध्यानी घेतले तर गाभाऱ्यात जसे आपण वागतो तसेच पर्वतावरही वागू.

वाटेवर पाळावयाचे नियम

१. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चढाईस उत्तम. उन्हाळ्यात सूर्योदयापूर्वी निघून दहाच्या आत उतरावे. पावसाळ्यात कातळपायऱ्या शेवाळामुळे निसरड्या होतात. अतिवृष्टीचा इशारा असल्यास जाऊ नये. दर्शन दुसऱ्या दिवशीही घडते.

२. पायांत चांगली पकड असलेले बूट वा चपला असाव्यात. प्रत्येकी किमान दोन लिटर पाणी व थोडा कोरडा खाऊ घ्यावा.

३. हृदयविकार, दमा अथवा गुडघेदुखी असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना माथ्याकडे जाऊ नये. अशा भाविकांनी पायथ्याशी उभे राहून नमस्कार केला तरी तो पर्वताला पोहोचतो.

४. माकडांना खाद्य देऊ नये. पुण्य मिळेल या भावनेने दिलेल्या फुटाण्यांमुळे ती पुढच्या यात्रेकरूच्या हातातील पिशवीवर झडप घालतात व अरुंद पायरीवर अपघात होतो.

५. झऱ्यांत, कुंडांत साबण वापरू नये. निर्माल्य, नारळाच्या करवंट्या, जुने कपडे टाकू नयेत. वर नेलेली प्रत्येक वस्तू खाली परत आणावी.

६. सूर्यास्तापूर्वी गावात परतावे. एकट्याने जाऊ नये. वाट ठाऊक नसल्यास स्थानिक ग्रामस्थास सोबत घेऊन त्यास योग्य मोबदला द्यावा.

दात्यांस निवेदन

आपल्या पूर्वजांनी पायऱ्या, धर्मशाळा व कुंडे बांधून यात्रेकरूंची सोय केली. त्या काळी तेच दान आवश्यक होते. आज पर्वताला नव्या बांधकामापेक्षा जुन्याची निगा अधिक हवी आहे. सैल झालेल्या पायऱ्यांची डागडुजी, पायथ्याशी शुद्ध पिण्याच्या पाण्याची व्यवस्था, कचरा खाली आणणाऱ्या सेवेकऱ्यांचे मानधन आणि स्थानिक जातीच्या वृक्षांची लागवड व किमान तीन वर्षे जोपासना, अशा कामी दिलेल्या दानावर दात्याच्या नावाची पाटी लागणार नाही कदाचित. परंतु त्या दानाचा लाभ गंगाद्वाराच्या धारेपासून थेट सागरसंगमापर्यंतच्या जीवांना मिळेल.

गौतम ऋषींनी गंगा मागितली ती स्वतःच्या पापक्षालनासाठी. परंतु मिळाल्यावर ती त्यांनी स्वतःपुरती ठेवली नाही. आपणही येथून ओंजळभर तीर्थ घेऊन जाताना मागून येणाऱ्याच्या ओंजळीत तेवढेच निर्मळ पाणी राहील, एवढे पाहावे. आपली यात्रा सुखरूप व सफल होवो, ही श्री त्र्यंबकराजचरणी प्रार्थना.

॥ हर हर महादेव ॥