कमी शक्तीचा रेडिओ आणि थंडीचे दिवस

विज्ञानाचा विषय कला शाखेच्या विद्यार्थ्याने हाती घ्यावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु बिनतारी यंत्रावरून एक माणूस दुसऱ्याला हाक मारतो, तेव्हा तेथे कोणी शाखा विचारत नाही. म्हणून हा लहानसा अभ्यास मित्रांपुढे ठेवीत आहे.

पैसे मिळविण्यासाठी नव्हे, तर शिकण्यासाठी व सेवेसाठी बिनतारी केंद्र चालविणाऱ्यास 'हॅम' म्हणतात. अनेक हॅम १०० वॅट शक्तीचे यंत्र वापरतात. काही जण मात्र मुद्दाम ५ वॅट किंवा त्याहूनही कमी शक्तीवर मोर्स संकेत पाठवितात. या प्रकारास 'क्यूआरपी' असे नाव आहे. ५ वॅट म्हणजे घरातील ९ वॅटच्या एलईडी दिव्याच्या जवळजवळ निम्मी शक्ती!

एवढ्याशा शक्तीवर आवाज पोहोचतो कसा? शक्ती १०० वॅटवरून ५ वॅटवर आणली, म्हणजे विसाव्या हिश्श्यावर आली, तरी ऐकणाऱ्याच्या यंत्रावरील मापकाचा काटा ९ वरून साधारण ७ पर्यंतच उतरतो. शिवाय मोर्सचा 'कट्ट-कडकट्ट' बोलण्यापेक्षा फारच थोडी जागा व्यापतो, त्यामुळे गोंगाटातही तो कानाला वेगळा ओळखू येतो.

हिवाळा तर या छंदाला विशेष अनुकूल. उन्हाळ्यात व पावसाळ्यात विजांच्या कडकडाटाने रेडिओत खरखर भरते. थंडीत ती कमी होते. दिवसा वातावरणाचा एक खालचा थर लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि थंडीच्या रात्री लांबलचक असतात. ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी साधारण २० मीटर तार मध्ये तोडून दोन बाजूंना दहा-दहा मीटर ताणली की एरियल तयार झाले. ते जमिनीपासून फार उंच नसले तर लहरी वर जाऊन खाली परततात आणि दिवसा पुणे, नागपूर, हैदराबाद या टापूत ऐकू येतात. डोंगर आड येत नाही.

मात्र थंडी यंत्राची व माणसाची परीक्षाही घेते. शिशाच्या बॅटरीची ताकद २५ अंशांवर जेवढी असते, तिच्यातील सुमारे पाचवा हिस्सा शून्य अंशावर कमी होतो. आपल्याकडे पारा ८-१० अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा घट त्याहून कमी असली तरी जाणवते. म्हणून बॅटरी उघड्या दगडावर न ठेवता गोधडीत गुंडाळावी. गारठलेले यंत्र एकदम उबदार खोलीत आणल्यास त्यावर पाणी धरते. ते पिशवीत बंद करूनच आत न्यावे व हळूहळू गरम होऊ द्यावे. बोटे आखडली की मोर्सची कळ नीट दाबली जात नाही, तेव्हा बोटे उघडी राहतील असे हातमोजे बरे. नोंदीसाठी बॉलपेनपेक्षा शिसपेन्सिल भरवशाची. एरियलची तार विजेच्या तारांजवळ कधीही टाकू नये. आपल्या खुलताबादेत जुने दर्गे, मकबरे पुष्कळ आहेत. त्यांच्या भिंतींना तार बांधणे हाही अपराधच समजावा.

या छंदाचे मोल सांगणारी घटना १९२८ सालची आहे. २५ मे रोजी उंबेर्तो नोबिले यांची 'इटालिया' ही वायुनौका उत्तर ध्रुवावरून परतताना बर्फावर कोसळली. वाचलेल्यांपैकी जुझेप्पे ब्याजी या बिनतारी तंत्रज्ञाने बर्फावर एका लहान लघुलहरी यंत्राचे एरियल उभारले आणि मदतीची हाक सुरू केली. त्यांच्या मदतनौकेला ती नीट ऐकू आली नाही. ३ जून रोजी ती ऐकली, ती रशियातील वोझनेसेन्ये-वोख्मा या आडगावच्या निकोलाय श्मिट या हौशी तरुणाने, घरी बनविलेल्या साध्या ग्राहक यंत्रावर! पुढे १२ जुलैला 'क्रासिन' या बर्फफोडी जहाजाने उरलेल्यांची सुटका केली.

मला या कथेत श्मिटचे गाव महत्त्वाचे वाटते. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. मोठे ज्ञान मोठ्या शहरातच असते, असे आम्हा खेड्यातल्या मुलांच्या मनात नकळत बसलेले असते. श्मिटने ते खोटे ठरविले.

आपल्या मराठवाड्यानेही हे पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला, तेव्हा हॅम मंडळी संदेशवहनासाठी धावली. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपानंतर लोक ऐन थंडीत उघड्यावर रात्री काढीत होते, टेलिफोन बंद होते. तेथेही हॅम केंद्रांनी निरोप पोहोचविले. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे हे खरे. पण वीज गेली की टॉवरची बॅटरीही केव्हातरी संपतेच. मग गोधडीत जपलेली लहान बॅटरी व सरावलेला कान कामी येतो.

परवान्याशिवाय प्रक्षेपण करता येत नाही. त्यासाठी केंद्र शासनाची परीक्षा द्यावी लागते. तिच्यासाठी शास्त्र शाखेची पदवी लागत नाही. आपल्याजवळ म्हैसमाळासारखे हजार मीटरहून उंच पठार आहे, थंडी तर दरवर्षी येतेच. महाविद्यालयाने एखाद्या परवानाधारक हॅमला बोलावून रीतसर परवानगीने तेथे एक दिवसाचे शिबिर घ्यावे, अशी प्राध्यापकवर्गास नम्र विनंती आहे. दहा विद्यार्थी जरी मोर्स शिकले, तरी संकटाच्या रात्री आपला तालुका मुका राहणार नाही.